जुहू ते दमण

जुहूच्या धावपट्टीवरून उडून समुद्राच्या कडेकडेने उत्तरेला निघालेल्या छोट्या विमानाला वसईचा किल्ला गाठायला दहा-पंधरा मिनिटे पुरतात. आधी खाडी आणि तिच्यावरचे रेल्वेपूल, मग किल्ल्याचा तट, मग भुईगाव, राजोडी, अर्नाळा असा किनारा आणि त्याच्या आत केळीच्या वाड्या. मुंबईच्या आसपास वरून पाहावा असा याहून देखणा टापू दुसरा नाही. पण पाहायचे आणि पुढे जायचे, कारण उतरायला जागा नाही. वसईत नाही, केळव्याला नाही, डहाणूला नाही, आत जव्हारलाही नाही. जुहू सोडले की किनाऱ्यावरची पुढची धावपट्टी थेट दमणला, सुमारे दीडशे किलोमीटरवर. इंग्लंड-अमेरिकेत शनिवारी सकाळी आपले चार आसनी विमान काढून एखाद्या समुद्रकाठच्या गावी जेवायला जायचे आणि रविवारी संध्याकाळी परतायचे, ही हौस शंभर वर्षे चालत आली आहे. देशातल्या पहिल्या फ्लाइंग क्लबांपैकी एक मुंबईत निघाला, तरी त्याच्या उत्तरेच्या या किनाऱ्यावर ती हौस रुजली नाही. असे का, याचे उत्तर लोक पैशात शोधतात, पावसात शोधतात, सरकारी नियमांत शोधतात. तिन्हींत तथ्य आहे, पण तिन्ही मिळूनही उत्तर पुरे होत नाही. माझ्या मते खरे कारण आकाशात नसून जमिनीवर आहे. आपल्याकडची प्रत्येक धावपट्टी कोणत्या ना कोणत्या कामासाठी झाली; नुसते जाऊन येण्यासाठी, करमणुकीसाठी, ती कोणी बांधली नाही आणि मागितलीही नाही.

सुरुवातीपासूनच पाहू. बॉम्बे फ्लाइंग क्लब 1928 साली जुहूला सुरू झाला. त्याच सुमारास दिल्ली, कराची, कलकत्ता इथेही क्लब निघाले. सरकारने त्यांना मॉथ विमाने दिली, वर अनुदानही दिले. क्लब हा शब्द ऐकून जिमखाना डोळ्यांपुढे येतो, आणि पहिले सभासद त्याच थरातले होतेही. पण सरकारी पैशामागचा हिशेब करमणुकीचा नव्हता. वैमानिक तयार व्हावेत, टपाल जावे, प्रसंग पडला तर लढाईला माणसे मिळावीत, हा तो हिशेब. 10 फेब्रुवारी 1929 रोजी जे. आर. डी. टाटांना भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. हौस म्हणून उडायला शिकलेल्या या तरुणाने तीन वर्षांत काय केले? 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून पस मॉथमध्ये टपाल घालून तो अहमदाबादमार्गे जुहूला उतरला. हौसेचे रूपांतर इतक्या झपाट्याने कामात झाले की तिचा काळ म्हणून वेगळा दाखवताच येत नाही. नकाशावर अहमदाबाद आणि जुहू यांना जोडणारी रेघ ओढली तर ती जवळजवळ सरळ दक्षिणेला येते आणि डहाणू-वसईच्या किनाऱ्याला लागूनच जाते. म्हणजे भारतातली हवाई टपालसेवा आपल्या पहिल्याच दिवशी इथूनच कुठेतरी गेली असणार. वसईकरांच्या पदरात तिच्यातून काही पडले नाही, ती गोष्ट वेगळी.

त्या दिवसातला एक तपशील मला फार बोलका वाटतो. अहमदाबादला टाटांच्या विमानात इंधन भरले ते चार-चार गॅलनच्या डब्यांतून, आणि ते डबे मैदानावर आले बैलगाडीतून. आज कोणी हा प्रसंग सांगितला की ऐकणारे कौतुकाने हसतात. पण त्यात विमान उतरायला काय काय लागते, याची यादीच आहे: मोकळे सपाट मैदान, तिथे आधीच पोचलेले इंधन, आणि ते घेऊन वाट पाहणारा माणूस. टपाल होते म्हणून हे तिन्ही जमवले गेले. रविवारची सहल असती तर ती बैलगाडी कोणी जुंपली असती?

आता पैशाचा मुद्दा. गरीब देशात श्रीमंतांची चैन कशी वाढणार, असे म्हटले जाते. देश गरीब होता, मुंबई नव्हती. गिरण्यांचे मालक, पारशी घराणी, मुंबईत बंगले बांधून असलेले संस्थानिक यांना त्या काळचे मॉथ विमान घेणे जड नव्हते, आणि काहींनी घेतलीही. याच पालघर जिल्ह्यातल्या जव्हार संस्थानचे शेवटचे राजे यशवंतराव मुकणे हवाई दलात फ्लाइट लेफ्टनंट होते. म्हणजे उडण्याचे वेड आणि ऐपत जिल्ह्याच्या डोंगराळ टोकापर्यंत पोचली होती. नंतरच्या काळात विजयपत सिंघानियांनी 1988 साली मायक्रोलाइट विमानातून लंडन ते दिल्ली प्रवास केला आणि 2005 साली महालक्ष्मी रेसकोर्सवरून उष्ण हवेच्या फुग्यातून 21 किलोमीटरच्या वर उंची गाठली. तो फुगा नाशिक जिल्ह्यात सिन्नरकडच्या एका शेतात उतरला. फुग्याला धावपट्टी लागत नाही, एवढे इथे लक्षात घेण्यासारखे. मुंबईत हौशी कमी नव्हते; हौशींना जायला ठिकाण नव्हते.

पावसाचा मुद्दा अधिक वजनाचा. जुहूचे मैदान पावसाळ्यात चिखलात जाई, म्हणून टाटांची टपालसेवा त्या महिन्यांत पुण्याला हलवावी लागे. वसई-विरारच्या सखल पट्ट्यात, जिथे आजही जुलैमध्ये रूळ पाण्याखाली जातात, गवताची धावपट्टी चार महिने निरुपयोगीच राहिली असती. हे कबूल. पण इंग्लंडचा हिवाळा काय मोठा दयाळू असतो? तिथले क्लबही वर्षातले कित्येक आठवडे विमाने झाकून ठेवतात. ऑक्टोबर ते मे असे आठ महिने स्वच्छ हवा असलेला आपला किनारा त्या मानाने भाग्यवानच म्हणायचा. पाऊस हंगाम ठरवतो. हौस मरायला आणखी काही लागते.

सगळ्यात अवघड आक्षेप अंतराचा आहे, आणि तो मला अर्धा मान्य आहे. जुहूपासून वसई सरळ रेषेत जेमतेम पंचवीस-सव्वीस किलोमीटर. एवढ्यासाठी विमान कोण काढील? शिवाय वसई-विरारला मुंबईशी जोडण्याचे काम रेल्वेने फार आधी उरकले होते. 12 एप्रिल 1867 रोजी विरारहून मुंबईला बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी धावली. पुढचा योगायोग तर गंमतशीर आहे: जुहूचा क्लब निघाला त्याच 1928 साली विजेची गाडी बोरिवलीपर्यंत आली, आणि हवाई टपाल सुरू होऊन चार वर्षे झाली तोवर, 1936 साली, ती विरारला पोचली. सुट्टीच्या दिवशी समुद्र पाहायला निघालेल्या मुंबईकराचा प्रश्न रेल्वेने आण्यांच्या तिकिटात सोडवला. विमानाला तिथे संधीच नव्हती. वसईपुरते हे खरे. डहाणूसाठी ते तितके खरे नाही आणि जव्हारसाठी तर मुळीच नाही, कारण जव्हारच्या पठारावर रेल्वे आजही जात नाही. शिवाय हौशी वैमानिकासाठी अंतर म्हणजे अडचण नसून निमित्त असते. इंग्रज वैमानिक तीसच्या दशकात इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्सच्या ले तुके गावी जायचे ते काही जहाज मिळत नव्हते म्हणून नव्हे. तिथे त्यांच्यासाठी विमानतळ होता, आणि विमानतळाच्या पलीकडे हॉटेल, जुगार, समुद्र. गावाने पाहुणा येणार हे धरून आधी जागा केली होती.

उलट बाजूने पुरावा पाहायचा तर दमणचा पाहावा. वसई आणि दमण ही दोन्ही पोर्तुगीजांची किनारी ठाणी. वसई 1739 साली चिमाजी अप्पांनी घेतली; दमण 1961 पर्यंत पोर्तुगीजांकडे राहिले. धावपट्टी वसईला नाही आणि दमणला आहे, याचे मूळ या दोन तारखांमधल्या फरकात आहे. 1954 साली दादरा-नगरहवेली पोर्तुगीजांच्या हातून गेली, भारताने नाकेबंदी आवळली, आणि दमणहून गोव्याला जमिनीवरून जाणे जवळजवळ बंद झाले. मग पोर्तुगीजांनी गोवा, दमण आणि दीव जोडणारी स्वतःची विमानसेवा 1955 मध्ये उभी केली. दमणची धावपट्टी त्या कोंडीतून जन्मली. आज तिथे तटरक्षक दलाचा तळ आहे. सहलीला जाणाऱ्यांना आज दमण कशासाठी आठवते हे सांगायला नको, पण त्या सहलींचा धावपट्टीशी काडीचा संबंध नाही. ती आधी कोंडीसाठी होती, आता पहाऱ्यासाठी आहे.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रात ज्या धावपट्ट्या झाल्या त्यांची कुळकथा याच धर्तीची. कराडची 1955 मधली, कोयना धरणाच्या कामासाठी. पुढे सार्वजनिक बांधकाम खात्याने रत्नागिरी, धुळे अशा ठिकाणी धावपट्ट्या बांधल्या, त्या मंत्र्यांचे दौरे, आपत्ती, संरक्षण, होऊ घातलेले उद्योग यांसाठी. बारामती, लातूर, नांदेड यांना उद्योगाची आणि राजकारणाची जोड. लोणावळ्याच्या पलीकडची अँबी व्हॅली हा त्यातला ठळक अपवाद. तिथली धावपट्टी सुखवस्तू लोकांच्या वसाहतीसाठी झाली, आणि 2014 साली जुहूहून तिकडे सागरी विमानही सुरू झाले होते. पण ती खाजगी मालकीची वसाहत, कोणत्याही क्लबचे मैदान नव्हे. उत्तर कोकणाच्या वाट्याला यातले काही आले नाही. मोठे धरण बांधायला विमाने लागली नाहीत, मुंबई जवळ असल्याने मंत्री मोटारीने येत राहिले. राजधानीच्या शेजारी असण्याचा तोटा असाही असतो.

तोवर जुहूचा गळा आवळला जात होता. युद्धकाळात दोन किलोमीटरवर सांताक्रूझचा मोठा तळ झाला आणि 1948 पासून शहराची प्रवासी वाहतूक तिकडे गेली. दोन्ही धावपट्ट्या इतक्या जवळ की 1953 मध्ये बीओएसीचे कॉमेट आणि 1972 मध्ये जपान एअरलाइन्सचे डीसी-8 चुकून जुहूलाच उतरले. जेटचे आकाश आणि मॉथचे आकाश एकच झाल्यावर कोणी बाजूला व्हायचे हे उघड होते. वसईच्या माथ्यावरचे आकाशही त्यांच्याच वाटेत आले. 28 मे 1968 रोजी सांताक्रूझहून निघालेले गरुडा इंडोनेशियाचे कॉन्व्हेअर नालासोपाऱ्याजवळ बिलालपाड्याला कोसळले, विमानातले 29 जण आणि जमिनीवरचा एक जण गेला. ती दुर्घटना आठवली की आजचे नियम जाचक म्हणताना जीभ अडखळते. प्रत्येक उड्डाणाआधी मार्गाची नोंद, हवाई संरक्षणाच्या परवानगीचा क्रमांक, अंधार पडल्यावर नुसत्या नजरेच्या भरवशावर उडायला बंदी. ज्या शहरावर दर काही मिनिटांना प्रवासी विमान उतरते तिथे यातले काही सैल करा असे मी म्हणणार नाही. पण नियम कडक झाले ते हौस आधीच जागेअभावी क्षीण झाल्यानंतर. त्या हौसेच्या बाजूने बोलणारे संख्येने पुरेसे असते तर तिच्यासाठी शहरापासून दूर एखादा कोपरा राखला गेला असता. अमेरिकेत सार्वजनिक वापराचे सुमारे 5,000 विमानतळ आहेत आणि त्यांतले बहुतेक असलेच कोपरे आहेत.

इंधनाची गोष्ट तर अजून बैलगाडीच्या फार पुढे गेलेली नाही. पिस्टन इंजिनाच्या विमानाला लागणारे अॅव्हगॅस 2022 पर्यंत परदेशातून यायचे. त्या वर्षी इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या कारखान्यात ते काढायला सुरुवात केली. आजही ते मोजक्या ठिकाणी मिळते, आणि जिथे मिळते तिथे प्रशिक्षण संस्था असते. बॉम्बे फ्लाइंग क्लबचे शिकाऊ वैमानिक आता धुळ्याहून उडतात. जुहूला मुख्यतः हेलिकॉप्टरे, त्यांत समुद्रातल्या तेलविहिरींकडे कामगार नेणारी पुष्कळ. मुंबईच्या माणसाला स्वतः विमान चालवायचे तर आधी तीनशे किलोमीटर मोटारीने किंवा रेल्वेने जावे लागते. कांदिवलीतल्या चारकोपला आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव यांचे प्रकरण सर्वांना ठाऊक आहे. 2017 साली त्या विमानाची नोंदणी झाली, 2018 साली कारखान्यासाठी पालघरमध्ये जमीन देण्याचा सरकारशी करार झाला, आणि 2020 मध्ये विमान प्रत्यक्ष उडाले ते धुळ्याला. वसईच्या खाडीपासून हाकेच्या अंतरावर तयार झालेल्या विमानाची चाके सुटायला खानदेश गाठावा लागला.

इथे वसईकर एक प्रश्न विचारील आणि त्याला तो हक्क आहे: आम्हाला ही धावपट्टी हवी कशाला? ज्या तालुक्यात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ झाली, वाड्या आणि विहिरी वाचवण्यासाठी लोक रस्त्यावर आले, तिथे चार धनिकांच्या रविवारसाठी शेत सपाट करा, असे कोण म्हणेल? मीही म्हणणार नाही. छोट्या विमानाला सात-आठशे मीटरची गवताची पट्टी पुरते आणि ती टॉवरांच्या वसाहतीइतकी जमीन खात नाही, हे खरे असले तरी वसईत सात-आठशे मीटर सलग मोकळी जमीन उरली की तिच्यावर कोणाची नजर असते हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. रुजली नाही ती गोष्ट आता लादावी, असा माझा आग्रह नाही. ती का रुजली नाही हे सांगताना लोक वसईकरांच्या ऐपतीकडे किंवा हौसेकडे बोट दाखवतात, तेवढे मात्र चूक आहे.

आता पालघरच्या किनाऱ्यावर वाढवण बंदराच्या जोडीने विमानतळाची चर्चा आहे. 30 ऑगस्ट 2024 रोजी बंदराची पायाभरणी झाली. विमानतळ झालाच तर जुहू आणि दमण यांच्यामधली रिकामी जागा शेवटी भरेल, पण कशाने, ते आत्ताच सांगता येते: मालाने, मोठ्या विमानांनी, मुंबईत न मावलेल्या प्रवाशांनी. वरवंटा फिरवलेली गवताची पट्टी, तिच्या टोकाला पत्र्याची शेड, इंधनाचा एक टँकर आणि चार विमाने बांधून ठेवायला खुंट्या, एवढीच मागणी त्या आराखड्याच्या कडेला कोणी लिहून दिली तर ती या किनाऱ्यावरची अशी पहिलीच मागणी ठरेल.