पेठ शहापूर : गडाखालचे गाव

पेठ शहापूर हे मुळशी तालुक्यातले, कोरबारसे मावळातले छोटे गाव कोरीगडाच्या पायथ्याशी वसले आहे. पेठ वसते ती गडाच्या गरजेतून. शिबंदीला धान्य, तेल, मीठ, दोरखंड लागत. ते पायथ्याशी जमा होऊन वर जाई. मावळातले जुने घर कुडाचे, पावसाला शरण जाणारे. त्यामुळे गावाच्या ऐतिहासिक वास्तू पाहायच्या तर गडच चढावा लागतो.

गड निजामशाहीच्याही आधीचा. १४८६ साली, पुढे निजामशाही स्थापणाऱ्या मलिक अहमदने पुणे प्रांतातले जे किल्ले घेतले, त्यांत तो होता. १६५७ मध्ये लोहगड, तुंग, तिकोना यांच्याबरोबर तो शिवाजी महाराजांकडे आला. पुढे मोगलांकडे गेलेला हा गड १७०० मध्ये शंकराजी नारायण सचिवांनी परत मिळवला. या आडबाजूच्या डोंगराला एवढे मोल होते ते कोकणात उतरणाऱ्या घाटवाटांमुळे. सवाष्णी आणि वाघजाई या वाटा तैलबैल्याजवळून जातात. त्या टापूवर घनगड, सुधागड आणि कोरीगड यांचा पहारा असे.

गावातून निघालेली पायऱ्यांची वाट खोदीव गुहांवरून गणेश दरवाजाला भिडते. आत प्रशस्त सपाटी, दोन तळी आणि भोवती जवळजवळ अखंड तट. तटावरून गडाची पूर्ण फेरी मारता येते. सह्याद्रीतल्या फार थोड्या किल्ल्यांवर हे सुख उरले आहे. गडाची देवता कोराई. तिच्या देवळापुढे दीपमाळ असून जवळच ‘लक्ष्मी’ ही गडावरची सर्वांत मोठी तोफ आहे. देवीचे दागिने इंग्रजांनी मुंबादेवीला दिले, असे सांगतात. ही सांगोवांगीच समजावी.

मार्च १८१८ मध्ये लोहगड घेऊन इंग्रजांच्या कर्नल प्रॉथरच्या फौजा इकडे वळल्या. ११ तारखेपासून मारा सुरू झाला, पण गड दाद देईना. १४ तारखेला आग लागून दारूकोठार उडाले आणि शिबंदीने शस्त्रे ठेवली. तट शाबूत राहिला तो यामुळेच असावा: किल्ला तट फोडून नव्हे, कोठार उडाल्याने पडला.

शिबंदी गेली तसे पेठेचे गिऱ्हाईकही गेले. उरली ती भातशेती आणि कोराईची पूजा. अलीकडे गडाच्या दुसऱ्या अंगाला अ‍ॅम्बी व्हॅली ही आलिशान वसाहत उभी राहिली. पेठेत आता लोणावळ्याहून येणाऱ्या गिर्यारोहकांची वर्दळ असते, विशेषतः पावसाळ्यात.