घंटी आणि घराणे

परीक्षेचा विषय निघाला की घरातली मुले हळूच उठून जातात. फराळाचे ताट समोर असताना तर तो कोणी काढूच नये. तरीही आज मी एका परीक्षेचीच हकीकत सांगणार आहे. या परीक्षेला बसणारे चार आणि चार मिळून आठच, पाहणारे मात्र लाखो. उत्तरपत्रिका नाही, निकालाचा कागद नाही. समोर एक बटण, आणि ते दाबले की वाजणारी घंटी. विद्यापीठांच्या संघांमधली ही प्रश्नमंजुषा दिसायला पोरखेळ वाटते. पण तिच्या इतिहासात मला एक जुनाच तंटा दिसत आला आहे : विद्या मोठी, की विद्येचे घराणे मोठे?

खेळ जन्मला अमेरिकेत. डॉन रीड या गृहस्थाने तो रचला आणि १९५३ साली तो तिथल्या नभोवाणीवर आला. नाव 'कॉलेज क्विझ बोल'. तिकडे फुटबॉलच्या मोठ्या सामन्यांना 'बोल' म्हणतात, त्यावरून हे नाव. पण मराठी कानाला ते उगीचच आपले वाटते. १९५९ मध्ये तो दूरचित्रवाणीवर गेला. वर्ष मोठे अवघड होते. 'ट्वेंटी-वन' नावाच्या, बक्षिसाच्या रकमांनी गाजलेल्या कार्यक्रमातला लाडका विजेता, कोलंबिया विद्यापीठात शिकवणारा चार्ल्स व्हॅन डोरेन, याने त्याच नोव्हेंबरात संसदेच्या समितीपुढे कबूल केले, की आपल्याला प्रश्न आणि उत्तरे आधीच मिळत होती. अध्यापकच असे निघाल्यावर लोकांनी विश्वास ठेवायचा कोणावर?

तो विश्वास विद्यार्थ्यांच्या या साध्या खेळाने थोडाफार सांभाळला, असे मला वाटते. ६ मार्च १९६६ चा सामना पाहा. एका बाजूला प्रिन्स्टन विद्यापीठ, त्या काळी केवळ मुलांचे, आणि घराण्याने, पैशाने, कीर्तीने भरलेले. दुसऱ्या बाजूला जॉर्जिया राज्यातल्या डिकेटर गावचे अ‍ॅग्नेस स्कॉट, मुलींचे एक लहानसे महाविद्यालय. शेवटचा एक सेकंद उरला असताना मुलींच्या बाजूने उत्तर आले आणि सामना २२० विरुद्ध २१५ असा त्यांचा झाला. घंटीने कोणाचे गोत्र विचारले नाही.

इंग्लंडात हा खेळ २१ सप्टेंबर १९६२ रोजी 'युनिव्हर्सिटी चॅलेंज' या नावाने सुरू झाला. ग्रॅनडा कंपनीने तो मँचेस्टर शहरातून काढला. हे शहर लक्षात ठेवावे, पुढे त्याचे काम आहे. प्रश्न विचारायला बँबर गॅस्कॉइन, वय अवघे सत्तावीस, शिक्षण ईटन आणि केंब्रिजचे. हे गृहस्थ १९८७ पर्यंत त्या खुर्चीवर होते. पहिल्या प्रश्नाला दहा गुण; त्याचे उत्तर एकट्याने, शेजाऱ्याला न विचारता द्यायचे. ते बरोबर आले तर पाच-पाच गुणांचे तीन प्रश्न, आणि तिथे मात्र चौघांनी डोकी एकत्र करायची. प्रश्न पुरता व्हायच्या आत घंटी वाजवून चुकलात, तर पाच गुण गेले. पडद्यावर एक संघ वर आणि दुसरा खाली, चाळीतल्या दोन मजल्यांसारखा दिसे; प्रत्यक्षात दोन्ही संघ एकाच जमिनीवर शेजारी शेजारी बसलेले असत.

जमीन एकच होती, तरी मजले होतेच. पहिले विजेतेपद १९६३ साली लेस्टरने मिळवले. त्याला विद्यापीठाचा दर्जा मिळून जेमतेम सहा वर्षे झाली होती. १९६१ साली निघालेल्या ससेक्सने १९६७ आणि १९६९ अशी दोनदा बाजी मारली. (याच ससेक्सने १९७२ मध्ये एका सामन्यात एकूण दहा गुण मिळवले. विद्येची अशीही तऱ्हा असते.) नव्यांनी जुन्यांना हरवले खरे, पण प्रवेशाचा नियम असा, की ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांचे प्रत्येक महाविद्यालय वेगळा संघ पाठवू शके, आणि इतर बहुतेक विद्यापीठांना, मग ती केवढीही मोठी असोत, एकच संघ. घंटी गोत्र विचारत नव्हती, पण प्रवेशाचा अर्ज विचारत होता.

१९७५ साली मँचेस्टर विद्यापीठाच्या चौघांनी यावर आपल्या परीने सत्याग्रह केला. प्रश्न कोणताही असो, उत्तर 'ट्रॉट्स्की', 'लेनिन', 'मार्क्स' नाहीतर 'चे गव्हेरा'. ज्या शहरात कार्यक्रम तयार होत होता, त्याच शहरातली ही पोरे! गॅस्कॉइनसाहेबांची काय अवस्था झाली असेल, याची कल्पनाच केलेली बरी. नियम काही बदलला नाही.

काळ मात्र गमत्या आहे. १९९४ पासून हा कार्यक्रम बीबीसीवर जेरेमी पॅक्समन यांच्या हाती आला. २००९ च्या अंतिम सामन्यात ऑक्सफर्डच्या कॉर्पस क्रिस्टी महाविद्यालयाने मँचेस्टरला २७५ विरुद्ध १९० असे हरवले. आणि मग कळले, की स्पर्धा संपण्याआधीच त्यांच्यातला एक गडी विद्यार्थी उरला नव्हता. विजेतेपद काढून मँचेस्टरला दिले गेले. मला स्वतःला हा निकाल थोडा कोरडा वाटतो. नियम पाळला गेला हे खरे, पण उत्तरे तर त्यांनी दिलीच होती.

आपल्याकडे १९८५ साली दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंनी 'क्विझ टाइम' सुरू केले, तेव्हा आमच्या घरात पडद्यावरच्या मुलांच्या आधी उत्तर द्यायची चढाओढ लागे. आजीसुद्धा रामायणातला प्रश्न आला तर कोणाला बोलू देत नसे. पुढे २००३ मध्ये याच बसूंनी इंग्लंडातल्या खेळाची भारतीय आवृत्ती बीबीसी वर्ल्डवर चालवली. इथे महाविद्यालये आपापला संघ घेऊन उतरली. म्हणजे मँचेस्टरच्या पोरांना जे सलत होते, त्याच वाटेने आपल्याकडची साधी महाविद्यालये आत शिरली. २००४ च्या अंतिम सामन्यात अंधेरीच्या सरदार पटेल अभियांत्रिकी महाविद्यालयाने हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसला हरवले. मग त्यांची गाठ पडली इंग्लंडातल्या त्या वर्षीच्या उपविजेत्यांशी, केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज महाविद्यालयाशी. कीजची स्थापना १३४८ ची. अंधेरीचे महाविद्यालय १९६२ चे, म्हणजे गॅस्कॉइनसाहेबांनी पहिला प्रश्न विचारला त्याच वर्षीचे. सामना अंधेरीकरांनी जिंकला.