कागदासाठी चढी बोली

मी छापचित्रं करतो. त्यामुळे रेम्ब्राँच्या तैलचित्रांपेक्षा त्याच्या कागदांकडे माझी ओढ जास्त. तो कागदावर काम करायचाच, पण आम्सटरडॅमच्या लिलावांत जाऊन इतरांचे कागद विकतही घ्यायचा. फिलिप्पो बाल्दिनुच्ची या इटालियन चरित्रकाराने लिहून ठेवलं आहे की, मोठ्या कलावंतांची चित्रं नि रेखाटनं पुकारली गेली की रेम्ब्राँ पहिलीच बोली इतकी चढी लावी की दुसरा कोणी पुढे येतच नसे. असं का, तर आपल्या पेशाची पत वाढावी म्हणून. त्याचा शिष्य होख्स्ट्राटेन सांगतो की लुकास फान लायडनच्या एका छापचित्रासाठी गुरूंनी ८० रिक्सडालर मोजले. म्हणजे २०० गिल्डर. ‘नाइट वॉच’ या भिंतभर चित्राचे त्याला सुमारे १६०० मिळाले होते. लोक याला उधळेपणा म्हणतात. मला ती निष्ठा वाटते. छापलेला कागद म्हणजे दुय्यम माल, ही समजूत त्याने भर बाजारात स्वतःच्या पैशांनी खोडून काढली.

९ एप्रिल १६३९ रोजी लुकास फान उफेलेन या व्यापाऱ्याचा संग्रह लिलावात निघाला. त्यात राफाएलने रंगवलेलं कास्तिल्योनेचं व्यक्तिचित्र होतं. रेम्ब्राँने ते पाहून भराभर रेखाटून घेतलं आणि त्याच कागदावर नोंद केली: ३५०० गिल्डरला गेलं, सगळा संग्रह ५९,४५६ ला. हा कागद व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात आहे. लिलावाची इतकी जिवंत नोंद मला दुसरी माहीत नाही. चित्रकाराची नजर आणि गिऱ्हाइकाचा हिशेब एकाच पानावर!

त्याच वर्षी त्याने १३,००० गिल्डरचं घर घेतलं, आणि ते कर्ज कधी फिटलंच नाही. जुलै १६५६ मध्ये दिवाळखोरीची यादी झाली, ३६३ नोंदींची. मांतेन्या, राफाएल, ब्रॉयगेल, होल्बाइन असे सगळे त्यात वह्या-वह्यांनी मांडलेले. १६५८ मध्ये काल्फरस्त्रातवरच्या ‘केझरस्क्रोन’ खाणावळीत त्याचा कागदसंग्रह पुकारला गेला. त्या लिलावाची छापील जाहिरात अजून शिल्लक आहे. घर ११,२१८ ला गेलं. सगळं विकूनही धनकोंचं देणं फिटलं नाही. ज्याने कागदाचा भाव चढवला, त्याच्याच वह्या अशा धनकोंसाठी निघाव्यात, हे वाचताना अजूनही पोटात कालवतं.

यादीत ‘लघुचित्रांची विलक्षण रेखाटनं’ अशी एक वही आहे. ती मुघल चित्रांची असावी, असं अनेक अभ्यासक मानतात. तशा चित्रांच्या नकला त्याने त्याच पडत्या काळात जपानी कागदावर केल्या. शहाजहान त्यांत आहे. तोच शहाजहान १६५८ मध्ये आग्र्याच्या किल्ल्यात औरंगजेबाचा कैदी झाला.

या नकला पुढे लंडनच्या जोनाथन रिचर्डसन या चित्रकार-संग्राहकाकडे गेल्या. १७४७ च्या त्याच्या लिलावाच्या सूचीत रेम्ब्राँच्या भारतीय रेखाटनांची एक वही आहे, नग २५. आज तेवीसेक ठाऊक आहेत, निरनिराळ्या संग्रहांत विखुरलेल्या. त्या कधीकाळी एकत्र होत्या, हे सूचीतल्या त्या एका ओळीमुळे कळतं.