एकांताचें बळ : रिट्रीटच्या इतिहासाकडे एक दृष्टिक्षेप



आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीचा हा शुभसमय आहे. देवळावर रोषणाई झाली आहे, बँड वाजत आहे, घरोघरीं पाहुणे आले आहेत. आणि हें सर्व योग्यच आहे, कारण ईश्वराच्या उपकारांचें स्मरण आनंदानेंच केलें पाहिजे. परंतु ज्युबिलीची ही चाल मुळांत कोठून आली, हें क्षणभर पाहूं. जुन्या करारांतील लेवीय पुस्तकाच्या २५ व्या अध्यायांत तिचें वर्णन आहे. दर ५० व्या वर्षीं प्रायश्चित्ताच्या दिवशीं देशभर शिंग फुंकीत. त्या वर्षीं पेरणी नाहीं, कापणी नाहीं. विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत जाई, आणि दारिद्र्यामुळें दुसऱ्याच्या चाकरींत पडलेला इस्राएली माणूस मोकळा होऊन आपल्या घरीं परते.

शिंग वाजे तें एक दिवस. जमीन मात्र वर्षभर स्वस्थ राही. म्हणजे ज्युबिलीचा एक भाग नाद आहे आणि दुसरा भाग शांतता आहे. पहिला भाग आपण सर्वजण उत्तम रीतीनें पार पाडतों. दुसऱ्याची आठवण करून द्यावी, एवढ्याचसाठीं आम्ही हा लेख लिहीत आहों.

या बाबतींत एका पोपमहाराजांचें उदाहरण फार बोलकें आहे. अकरावे पायस यांस धर्मगुरुपदाची दीक्षा २० डिसेंबर १८७९ रोजीं मिळाली. १९२९ सालीं त्या दिवसास ५० वर्षें झालीं. त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत लॅटरन येथें करार होऊन इटलीच्या सरकाराशीं चाललेला जुना तंटा मिटला होता. तेव्हां उत्सवास कारणांची वाण नव्हती. परंतु ज्युबिलीच्या नेमक्या त्याच दिवशीं पोपमहाराजांनीं 'मेन्स नोस्त्रा' या नांवाचें विश्वपत्र सर्व ख्रिस्तसभेस धाडलें, आणि त्याचा विषय होता रिट्रीट, म्हणजे कांहीं काळ व्यवहार बाजूला ठेवून ईश्वरासमोर स्वस्थ बसणें. स्वतःच्या सुवर्णमहोत्सवाची भेट म्हणून त्यांनीं जगास शांततेचें आमंत्रण दिलें.

ही रिट्रीटची पद्धति ज्यांच्यामुळें रूढ झाली, ते संत इग्नाशियस लोयोला मूळचे मठवासी नव्हते. ते मानमरातबाची हौस असलेले सरदारपुत्र होते. २० मे १५२१ रोजीं पाम्प्लोना येथील किल्ल्याचा बचाव करीत असतां तोफेच्या गोळ्यानें त्यांचा उजवा पाय मोडला. लोयोलाच्या वाड्यांत कित्येक महिने अंथरुणावर पडून राहणें त्यांस भाग पडलें. वेळ घालविण्यास त्यांनीं शूर वीरांच्या अद्भुत कथा मागितल्या. त्या घरांत नव्हत्या. होतें तें ख्रिस्ताचें एक चरित्र आणि संतांच्या चरित्रांचें एक पुस्तक. तीं वाचतां वाचतां त्यांच्या ध्यानांत एक गोष्ट आली. पराक्रमाचे व कीर्तीचे विचार मनांत घोळत असतांना गोड लागत, परंतु ते ओसरले म्हणजे मन कोरडें पडे. संतांसारखें जगावें हे विचारही गोड लागत, परंतु ते ओसरल्यावरही प्रसन्नता मागें राही. हा फरक कोणा पंडितानें त्यांस शिकविला नव्हता. धावपळ थांबली, म्हणून तो दिसला.

मार्च १५२२ मध्यें मोन्सेरात येथील मरियामातेच्या वेदीपाशीं आपली तलवार ठेवून इग्नाशियस जवळच्या मान्रेसा गांवीं आले. तेथें थोडेच दिवस राहण्याचा बेत होता. राहिले सुमारें दहा महिने. एकांतांत गेलें कीं लागलीच शांति लाभते, असा कोणाचा समज असेल तर तो मान्रेसाच्या इतिहासानें खोटा ठरतो. आरंभींचा उत्साह सरल्यावर पूर्वींच्या पापांविषयींच्या शंकांनीं त्यांस इतकें ग्रासलें कीं, जीव द्यावा असेंही मनांत येऊं लागलें. घोंगावणाऱ्या मनापासून ते पळाले नाहींत. त्यांनीं तें न्याहाळलें, प्रार्थना केली, वाट पाहिली. आणि पुढें कार्दोनेर नदीच्या कांठीं एके दिवशीं त्यांस असा अंतःप्रकाश लाभला कीं, त्याची आठवण जन्मभर पुरली. या काळांतील अनुभवांच्या टिपणांतूनच 'आध्यात्मिक साधना' हा ग्रंथ हळूहळू तयार झाला, आणि ३१ जुलै १५४८ रोजीं पोप तिसरे पॉल यांनीं त्यास मान्यता दिली.

या ग्रंथांतील पूर्ण साधना सुमारें ३० दिवसांची आहे. परंतु आरंभींच्या २० सूचनांपैकीं १९ वी सूचना आपल्यासारख्यांच्या कामाची आहे. जो मनुष्य सार्वजनिक कामांत अथवा आवश्यक उद्योगांत गुंतला आहे, त्यानें आपला उद्योग न सोडतां रोज दीड तास काढून ही साधना करावी, अशी सोय संतांनीं करून ठेविली. एकांत हा रिकाम्या माणसाचा विलास नव्हे. तो कामांत बुडालेल्या माणसाचा आधार आहे, हें त्यांनीं पुरतें जाणलें होतें.

आपल्या भूमीशीं या इतिहासाचा जवळचा संबंध आहे. पॅरिस येथें इग्नाशियस यांच्याभोंवतीं जमलेल्या मित्रांत एक तरुण अध्यापक होता, संत फ्रान्सिस झेवियर. १५ ऑगस्ट १५३४ रोजीं मोंमार्त्र येथें नवस करणाऱ्या सात जणांत तो होता. परंतु शिकविण्याच्या व्यापामुळें ३० दिवसांची साधना करण्यास त्यास सर्वांच्या नंतर सवड मिळाली. ती त्यानें त्याच वर्षीं केली. पुढें ६ मे १५४२ रोजीं ते गोव्यास उतरले; आणि ३ डिसेंबर १५५२ रोजीं चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर देह ठेवीपर्यंत, मासेमारीच्या किनाऱ्यापासून मलाक्का, मोलुक्का बेटें व जपानपर्यंत त्यांनीं ख्रिस्ताचें नांव नेलें. दहा वर्षांच्या त्या अखंड प्रवासाची शिदोरी त्या ३० दिवसांत बांधली गेली, असें म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

पुढें ही प्रथा सर्वत्र पसरली. मिलानचे आर्चबिशप संत चार्ल्स बोरोमेओ यांनीं ती आपल्या धर्मगुरूंस लावून दिली. फ्रान्समध्यें संत व्हिन्सेंट डी पॉल यांनीं १६२८ सालीं बोव्हे येथें दीक्षार्थींची रिट्रीट सुरू केली, आणि पुढें पॅरिस येथील आपल्या सेंट लाझार या मठाचीं दारें श्रीमंत व गरीब अशा सर्व गृहस्थांस उघडून दिलीं. १९२२ सालीं अकराव्या पायस यांनीं संत इग्नाशियस यांस सर्व आध्यात्मिक साधनांचे आश्रयदाते संत म्हणून जाहीर केलें.

आतां कोणी म्हणेल, "फादर, हें सर्व खरें, परंतु पहांटेची लोकल गांठणाऱ्यानें, वाडीला पाणी लावणाऱ्यानें, मुलांचे डबे भरणाऱ्या माउलीनें वेळ काढावा कोठून?" प्रश्न रास्त आहे. दीड तास सर्वांस जमणार नाहीं. परंतु रात्रीं निजण्यापूर्वीं पाव तास मोबाइल दूर ठेवून बसणें कोणासही अशक्य नाहीं. संत इग्नाशियस यांनीं अंतःकरणाच्या परीक्षेच्या पांच पायऱ्या सांगितल्या आहेत : मिळालेल्या उपकारांबद्दल देवाचे आभार मानावे, आपले दोष दिसावे म्हणून कृपा मागावी, दिवसाचा तासातासानें हिशेब घ्यावा, चुकलें त्याची क्षमा मागावी, आणि उद्यांसाठीं सुधारणेचा निश्चय करावा. एवढ्यास पुस्तक लागत नाहीं, पैसा लागत नाहीं.

आणि याची गरज केवळ एकेकट्यास नाहीं, सबंध धर्मग्रामास आहे. एकाच देवळांत मिस्सेला येणारे दोन सख्खे भाऊ बांधाच्या वादावरून वर्षानुवर्षें एकमेकांशीं बोलत नसतील. एखाद्या विधवेचें येणें आपल्याकडे अडकून पडलें असेल. एखाद्या घरीं दुखणें असून आपलें पाऊल तिकडे वळलें नसेल. बँडच्या आवाजांत या गोष्टी ऐकूं येत नाहींत. शांत बसलें म्हणजे त्या आपोआप वर येतात, आणि म्हणूनच पुष्कळ वेळां आपण शांत बसणें टाळतों. पुरातन ज्युबिलींत जमीन परत जाई आणि बांधलेला माणूस सुटे, हें आठवावें. धरून ठेवलेलें सोडून देणें हेंच ज्युबिलीचें खरें कार्य होय. आणि काय धरून ठेवलें आहे, हें मौनांतच कळतें.

प्रभु येशूही लोकसमुदाय शोधीत असतां पहांटे उठून एकांत स्थळीं प्रार्थनेस जात असे, आणि तेथून उठून तो पुन्हां लोकांतच येत असे. आम्हीं तुम्हांस लोकांपासून दूर जावयास सांगत नाहीं. त्यांच्याकडे अधिक चांगलें होऊन परत यावयास सांगतों. या ज्युबिली वर्षीं प्रत्येक घरानें रोज पाव तास शांतता पाळावी, आणि ज्यांस शक्य आहे त्यांनीं वर्षांतून एकदां रिट्रीटला बसावें, अशी आमची नम्र विनंती आहे.

पवित्र मरियामाता, जिनें सर्व गोष्टी अंतःकरणांत सांठवून त्यांचें मनन केलें, ती आपल्या धर्मग्रामावर आपली छत्रछाया ठेवो. आमेन.