सातजणी, ऐंशी रुपये आणि एक खाट

कारखान्याचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे उंच धुराडं आणि यंत्रांची घरघर उभी राहते. आज मी तुम्हांला ज्या कारखान्याची हकीकत सांगणार आहे, तिथं यांपैकी काहीच नव्हतं. होती ती मुंबईतल्या गिरगावात एका इमारतीची गच्ची. १५ मार्च १९५९ रोजी सात गुजराती गृहिणी तिथं पोळपाट-लाटणी घेऊन बसल्या आणि त्यांनी पापडांची चार पाकिटं तयार केली. १९६२ साली याच उद्योगाला 'लिज्जत' हे नाव मिळालं.

भांडवल किती? ऐंशी रुपये, आणि तेही छगनलाल करमसी पारेख या समाजसेवकाकडून उसने घेतलेले. आता या ऐंशी रुपयांचा हिशेब जरा मनाशी मांडून पाहा. त्यातूनच उडदाचं पीठ, त्यातूनच हिंग, मिरी नि पापडखार. बडा कारखानदार कोठारं भरून ठेवतो आणि माल पडून राहिला तर व्याज सोसतो. या बायकांना ती चैन परवडणारी नव्हती. पाकिटात अडकलेला रुपया म्हणजे उद्याच्या पिठातून वजा झालेला रुपया! म्हणून आज लाटायचं, चटकन विकायचं आणि आलेल्या पैशातून पुन्हा पीठ आणायचं, हाच त्यांचा परिपाठ होऊन बसला.

पण हिशेब चोख असला तरी आभाळ कुणाच्या वहीत बसत नाही. पावसाळा आला आणि काम थांबलं. ओला पापड साठवता येत नाही, त्याला बुरशी येते. आणि गच्चीवर ऊन तर नाही. पहिल्या वर्षी चार महिने धंदा बंद राहिला. चार महिने काम नाही म्हणजे घरात चार महिने मजुरी नाही, हे ध्यानात घ्या.

दुसऱ्या वर्षी त्यांनी काय केलं? एक खाट आणली आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड पसरले, खाली स्टोव्ह पेटवला. बस्स! उत्पादनाच्या नियोजनावर मोठमोठे ग्रंथ आहेत. पण काम नेमकं कुठं अडतं ते ओळखून तेवढाच अडसर दूर करायचा, हे त्यांचं सार या खाटेत आलं, असं मला वाटतं.

बायकांची संख्या वाढली तशी रीतही बसत गेली. सकाळी केंद्रावर मळलेलं पीठ तोलून द्यायचं, बहिणींनी घरी पापड लाटून वाळवायचे आणि दुसऱ्या दिवशी आणून द्यायचे. तिथं ते पारखायचे, तोलायचे आणि मजुरी चुकती करायची. यातली खुबी बघा. पीठ शिळं व्हायला अवधी नाही, आणि किती गेलं, किती आलं हे तराजूच सांगतो. घट कुठं आली तेही लपत नाही. हिशेब चोख ठेवा, देणगी घेऊ नका, हा छगनबापांचा आग्रह इथं कामी आला.

१९६६ साली या उद्योगाची रीतसर संस्था म्हणून नोंदणी झाली आणि त्याच वर्षी खादी व ग्रामोद्योग आयोगानं तिला मान्यता दिली. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

आपल्याकडे भांडवल नाही म्हणून उद्योग नाही, असं आपण सहज बोलून जातो. तसं बोलण्याआधी त्या खाटेची आठवण ठेवावी. भांडवल थोडं असेल तर ते अधिक वेळा फिरवावं लागतं. आणि ते फिरतं ठेवायला रोजची वही नि तराजू लागतो.