रोग्याचे ज्ञापकत्व आणि परिचारिकेचा प्रश्न

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, द्रव्य, उपस्थाता व रोगी. प्रत्येकाच्या ठायी चार गुण अपेक्षिले आहेत. उपस्थात्याचे, म्हणजे परिचारकाचे, गुण उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग व शौच हे होत. रोग्याच्या गुणांत मात्र ज्ञापकत्वाची, म्हणजे आपली व्यथा नीट कळविण्याच्या सामर्थ्याची, गणना केलेली आहे. ही विभागणी अर्थपूर्ण आहे. सांगावयाचे रोग्याने, तपासावयाचे वैद्याने. पुढे वाग्भटाने दर्शन, स्पर्शन व प्रश्न अशी त्रिविध परीक्षा सांगितली, तीही वैद्यासाठीच. ज्याचे ज्ञापकत्वच वार्धक्याने क्षीण झाले आहे, अशा रोग्याचे काय, हा प्रश्न या व्यवस्थेत परिचारकाच्या वाट्यास येत नाही.

तो त्याच्या वाट्यास आणण्याचे श्रेय मुख्यतः फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिच्याकडे जाते. १८५९ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या तिच्या पुस्तकाची ख्याती स्वच्छ हवा व स्वच्छता यांच्या आग्रहासाठी आहे. परंतु त्यातील रुग्णनिरीक्षणावरील प्रकरण हे वस्तुतः प्रश्नाच्या भाषेची चिकित्सा आहे. रोग्यास जुलाब होतात का, असे विचारले असता मिळणारे ‘होय’ हे उत्तर पटकीच्या उंबरठ्यावर असलेल्या रोग्याचे असू शकते आणि ज्याचे पोट नुसते सैल झाले आहे त्याचेही असू शकते, हे तिने दाखवून दिले. म्हणून किती वेळा व केव्हा, असे विचारले पाहिजे. झोपेविषयीही तिचा आग्रह हाच : झोप चांगली लागली का, असे न विचारता कोणत्या वेळी किती तास लागली ते विचारावे. उत्तर सुचविणारा प्रश्न तिला त्याज्य वाटे.

याहून महत्त्वाचे तिचे विवेचन ‘भूक नाही’ या शब्दांविषयीचे आहे. स्वयंपाकातील दोष, पदार्थांच्या निवडीतील दोष, जेवणाच्या वेळेतील दोष आणि प्रत्यक्ष क्षुधेचा अभाव ही चार निरनिराळी कारणे आहेत. चारांचाही परिणाम एकच, रोग्याची हळूहळू होणारी उपासमार. परंतु पहिल्या तिहींवर उपाय परिचारिकेच्या हाती असतो, आणि चारांनाही एकच नाव दिल्याने तो हातचा जातो. शब्दाच्या अतिव्याप्तीने माणूस दगावू शकतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण अर्थविचाराच्या ग्रंथांतही विरळाच आढळेल.

मराठीत ही अडचण वेगळ्या रूपाने दिसते. ढाळ, हगवण, आव, मुरडा, संग्रहणी असे भेद दाखविणारे शब्द भाषेजवळ मुबलक आहेत. पण परक्या स्त्रीपुरुषांसमोर ते उच्चारण्याचा संकोच असल्यामुळे रोगी ‘पोट बिघडले आहे’ किंवा ‘पोट साफ होत नाही’ एवढ्यावरच थांबतो. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुणे सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणाकडे वळविले, त्याचे मूल्यमापन सामान्यतः स्त्रीशिक्षणाच्या दृष्टीने केले जाते. रोग्याची घरगुती भाषा जाणणारी स्त्री खाटेपाशी आली, ही बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही.

वृद्धाच्या बाबतीत या संकोचास इंद्रियांचे मांद्य येऊन मिळते. हेन्ड्रिक झ्वार्डेमाकर या डच शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १८८८ मध्ये घ्राणशक्ती मोजण्याचे साधन वर्णिले आणि १८९१ मध्ये वयाबरोबर उच्च स्वर ऐकू येईनासे होतात, हा नियम मांडला. दोन्ही गोष्टी परिचर्येस जवळच्या आहेत. गंध मंदावला की अन्न बेचव लागते, जेवण घटते, आणि मलावष्टंभ बळावतो. कारण नाकात असताना शोध पोटात होत राहतो. श्रवणाविषयी ध्वनिशास्त्र असे सांगते की, शब्दांतील स्वर तुलनेने खालच्या कंपनसंख्येचे असल्याने ते ऐकू येत राहतात. स, श यांसारखी घर्षक व्यंजने मात्र आधी हरपतात. वृद्धास आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही. आणि तो मान डोलावतो. नोंदवहीत ‘तक्रार नाही’ असे लिहिले जाते. ओरडण्याने हे साधत नाही. समोर बसून, ओठ दिसतील असे, खालच्या पट्टीत व सावकाश बोलावे लागते. रोग्याच्या पाठीमागून किंवा दारातून बोलू नये, अशी ताकीद नाइटिंगेलने दिली होती. तिचे कारण रोग्याचा शीण हे होते. तिचा हा दुसरा उपयोग पुढे ध्यानात आला.

वृद्धांच्या पद्धतशीर मूल्यमापनाचा आरंभ १९३५ नंतर लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात झाला. तेथे डॉ. मार्जरी वॉरन यांनी दरिद्रालयाच्या जुन्या रुग्णविभागांतील असाध्य म्हणून पडून राहिलेल्या वृद्धांची एकेक करून तपासणी केली, आणि त्यांपैकी अनेकांस घरी जाता आले. परिचारिकांच्या बाजूने हे काम डोरीन नॉर्टन व तिचे सहकारी यांच्या १९६२ च्या अहवालाने पुढे नेले. त्यातील शय्याव्रणाचा धोका अजमावणारी गुणपद्धती विशेष प्रसिद्ध झाली. तिच्या पाच बाबींत मलमूत्रावरील ताबा ही एक आहे. त्याआधी १९६१ मध्ये आयडा जीन ऑर्लँडो हिने परिचारिकेने आपला तर्क रोग्याकडूनच पडताळून घ्यावा, असे प्रतिपादिले होते.

१९९७ मध्ये ब्रिस्टल येथील लुइस व हीटन यांनी मलाचे सात प्रकार चित्रांनी दाखविणारा तक्ता प्रसिद्ध केला. शब्द टाळून बोट दाखविण्याची सोय झाल्याने संकोच व अतिव्याप्ती हे दोन्ही दोष बरेच कमी झाले. मात्र तक्ता पुढे करण्यापूर्वी वृद्धाची चाळिशी त्याच्या डोळ्यांवर आहे की उशाखाली, हे परिचारिकेस पाहावेच लागते.