ऑनलाइन विक्रीसाठी वस्तूंची छायाचित्रे कशी घ्यावीत?

दुकानात पैठणी पाहणारा ग्राहक ती हातात घेतो, पदर उलटून मागची वीण तपासतो, दाराशी नेऊन दिवसाच्या उजेडात रंग न्याहाळतो आणि त्यानंतरच किमतीची गोष्ट काढतो. इंटरनेटवरील दुकानात यापैकी काहीही शक्य नसते. तेथे हाताचे, डोळ्यांचे आणि दाराशी येणाऱ्या उजेडाचे काम छायाचित्राला करावे लागते. ते काम नीट झाले नाही, तर एक तर साडी विकली जात नाही, किंवा विकली जाऊन परत येते. परत आलेल्या साडीची घडी मोडलेली असते आणि टपालाचा खर्च वाया गेलेला असतो. एक साडी विणण्यास काही आठवड्यांपासून काही महिने लागत असल्याने लहान विणकराच्या दृष्टीने हे नुकसान मोठे ठरते.

या विषयाला कायद्याचीही बाजू आहे. केंद्र सरकारने २३ जुलै २०२० रोजी अधिसूचित केलेल्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार, विक्रीमंचांनी आपल्या विक्रेत्यांकडून तसे हमीपत्र घ्यावयाचे असते की वस्तूचे वर्णन व छायाचित्रे अचूक असतील आणि वस्तूचे रूप, स्वरूप व दर्जा यांच्याशी जुळतील. जाहिरातीत दाखवलेल्या वैशिष्ट्यांशी न जुळणारी वस्तू परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. म्हणजेच छायाचित्र हे केवळ आकर्षणाचे साधन नसून ते विक्रेत्याने दिलेले वचन आहे, असे या नियमांवरून दिसते.

प्रस्तुत लेखात उदाहरणासाठी येवला आणि पैठण येथील पैठणी घेतली आहे. चकाकणारी जर, कोनाप्रमाणे बदलणारा रंग आणि अतिशय बारीक वीण या तिन्ही अडचणी तिच्यात एकत्र येतात. पैठणीचे छायाचित्र ज्याला जमले, त्याला बहुतेक वस्तूंचे जमेल.

प्रकाश

महागडा कॅमेरा ही पहिली गरज नाही. साधारण चांगला मोबाइल, तो स्थिर ठेवणारी तिवई, पांढरी कार्डशीट, थर्मोकोलचे दोन पत्रे आणि बटर पेपर एवढ्या साहित्यावर उत्तम काम होऊ शकते. खरा फरक प्रकाशामुळे पडतो. दुपारचे थेट ऊन जरीवर पडले की जर पांढरी फटफटीत दिसते आणि तिच्यातील नक्षी नाहीशी होते. याउलट खोलीतील एका लहान दिव्याखाली जरीचा एखादाच भाग चमकतो व उरलेला काळपट पडतो. जर हा आरशासारखा धागा आहे. समोर जे असेल तेच तो दाखवतो. म्हणून त्याच्यासमोर मोठा, मऊ, पसरलेला प्रकाश असावा लागतो. उत्तरेकडील खिडकी यासाठी सर्वांत सोयीची. तशी खिडकी नसल्यास कोणत्याही खिडकीवर बटर पेपर किंवा पातळ पांढरे कापड ताणून लावावे आणि समोरच्या बाजूला थर्मोकोलचा पत्रा उभा करून सावली उजळावी. पावसाळ्यातील ढगाळ आकाश हे तर निसर्गानेच ताणलेले पांढरे कापड होय. पावसामुळे काम खोळंबते अशी तक्रार करणाऱ्यांनी ओलाव्यापासून साडी जपून त्या दिवसांत एकदा छायाचित्रे घेऊन पाहावीत.

प्रकाश शक्यतो एका बाजूने येऊ द्यावा. समोरून, कॅमेऱ्याच्या दिशेनेच प्रकाश आला तर कापड सपाट कागदासारखे भासते. बाजूने तिरपा आला तर धाग्याचा उठाव दिसतो. मोबाइलचा फ्लॅश मात्र कटाक्षाने बंद ठेवावा.

खिडकीचा उजेड वापरताना खोलीतील ट्यूबलाइट आणि बल्ब मालवावेत. दिवसाच्या प्रकाशाचे रंगतापमान सुमारे ५,५०० केल्विन असते, तर पिवळसर बल्बचे २,७०० ते ३,०००. दोन्ही एकत्र आले की साडीचा अर्धा भाग निळसर व अर्धा पिवळट दिसतो, आणि हा दोष नंतर संगणकावर दुरुस्त करणे फार कठीण जाते. भिंतींचाही विचार करावा. हिरव्या किंवा गुलाबी रंगवलेल्या खोलीत पांढरी साडी पांढरी राहत नाही. छायाचित्र घेणाऱ्याच्या लाल सदऱ्याची झाकसुद्धा जवळच्या जरीत उतरते.

रंगाचा प्रश्न

साड्या परत येण्याच्या कारणांत रंगाची तक्रार नेहमी ऐकू येते. तिच्या मुळाशी बहुधा फसवणूक नसते, कॅमेऱ्याची गणिते असतात. मोबाइल समोरचे दृश्य पाहून पांढरा रंग कोणता असावा याचा स्वतःच अंदाज बांधतो. चौकट पूर्णपणे लाल साडीने भरलेली असेल तर त्याला प्रकाशच तांबूस वाटतो आणि तो लाली कमी करून टाकतो. परिणामी कुंकवासारखा लाल रंग विटकरी दिसू लागतो. यावर उपाय सोपा आहे. छायाचित्रणाच्या साहित्याच्या दुकानात मिळणारे करड्या रंगाचे कार्ड साडीवर ठेवून पहिले छायाचित्र घ्यावे, त्यावरून पांढऱ्या रंगाचा समतोल ठरवावा आणि तोच पुढील सर्व छायाचित्रांना लावावा. त्यासाठी मोबाइलमधील स्वयंचलित पद्धत सोडून ‘प्रो’ किंवा ‘मॅन्युअल’ पद्धत निवडावी लागते.

राणी, किरमिजी, गडद लाल अशा रंगांत आणखी एक अडचण येते. छायाचित्र थोडेही अधिक उजळले की या रंगांतील लाल घटक कमाल मर्यादेला पोचतो, आणि वीण व घड्यांच्या सावल्या पुसल्या जाऊन साडीच्या जागी सपाट रंगाचा डाग उरतो. असे रंग किंचित गडद घ्यावेत आणि नंतर हलक्या हाताने उजळावेत. याउलट पांढरी पार्श्वभूमी मोठी असेल तर कॅमेरा तिला करडी करून टाकतो. तेथे प्रकाशमान वाढवावे लागते. एकाच चित्रात दोन्ही अडचणी आल्यास पार्श्वभूमीकडे दुर्लक्ष करून साडी जपावी. पार्श्वभूमी नंतर उजळता येते, हरवलेली वीण परत आणता येत नाही.

पैठणीचे वैशिष्ट्य म्हणजे धूपछाव. ताण्याचा धागा एका रंगाचा आणि बाण्याचा दुसऱ्या रंगाचा असल्याने एका बाजूने जांभळी दिसणारी साडी दुसऱ्या बाजूने तांबडी भासते. अशा साडीचे एकच छायाचित्र कधीही खरे असू शकत नाही. दोन कोनांतून दोन छायाचित्रे घ्यावीत, शक्य असल्यास पदर हलवतानाची दहा-पंधरा सेकंदांची चित्रफीत जोडावी आणि वर्णनात दोन्ही धाग्यांचे रंग लिहावेत. ‘जांभळी’ एवढाच शब्द लिहून थांबणे हे तक्रारीला निमंत्रण आहे.

एवढे करूनही ग्राहकाच्या पडद्यावर रंग नेमका कसा दिसेल, हे विक्रेत्याच्या हाती नसते. अनेक मोबाइल रंग मुळापेक्षा भडक दाखवतात. त्यामुळे तयार झालेले छायाचित्र साडी शेजारी ठेवून, दिवसाच्या उजेडात, दोन-तीन वेगवेगळ्या मोबाइलवर पाहावे. स्वतःच्या एका पडद्यावर विसंबून रंग ठरवू नये.

काय दाखवावे

पहिले छायाचित्र ओळख करून देते, पुढची छायाचित्रे शंका दूर करतात. पहिल्या छायाचित्राबाबत विक्रीमंचांचे नियम कडक असतात. उदाहरणार्थ, ॲमेझॉनच्या नियमांनुसार मुख्य छायाचित्राची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी असावी लागते, वस्तूने चौकटीचा किमान ८५ टक्के भाग व्यापावा लागतो आणि त्यावर मजकूर, बोधचिन्ह किंवा जलचिन्ह चालत नाही. स्वतःच्या संकेतस्थळावर असे बंधन नसते. तरीही फुले, समई, तांब्या आणि दागिने यांच्या गर्दीत साडी हरवून जाणार नाही, एवढे पाहावे.

पुढील छायाचित्रांत पूर्ण पसरलेला पदर, काठ, अंगावरील बुट्टी, ब्लाउजपीस आणि नेसलेली साडी यांचा समावेश असावा. काठाशेजारी फूटपट्टी ठेवली तर रुंदीचा प्रश्न एका दृष्टिक्षेपात सुटतो. काठ सहा इंचांचा समजून मागवावा आणि तीन इंचांचा यावा, हे टाळण्यासाठी दुसरा इतका स्वस्त उपाय नाही.

सर्वांत महत्त्वाचे, आणि सर्वाधिक वेळा राहून जाणारे छायाचित्र म्हणजे उलट्या बाजूचे. पारंपरिक विणीच्या पैठणीत काठ व पदरावरील नक्षीच्या प्रत्येक रंगाचा धागा हाताने एकमेकांत गुंफलेला असतो, त्यामुळे मोर असो वा मुनिया, मागून आणि पुढून जवळजवळ सारखाच दिसतो. यंत्रमागावरील नकलेत मागच्या बाजूस सुटे किंवा कापलेले धागे दिसतात. हातमागावरील ब्रोकेड प्रकारातही मागे सुटे धागे असू शकतात. म्हणून उलट्या बाजूच्या छायाचित्राबरोबर विणीचा प्रकारही स्पष्ट लिहावा. भौगोलिक मानांकन लाभलेल्या या वस्त्राच्या नावाने नकला सर्रास विकल्या जात असताना, अस्सल माल विणणाऱ्याने आपला सर्वांत भक्कम पुरावाच न दाखवणे हे खेदजनक आहे. हातमागाची ओळख म्हणून २००६ मध्ये सुरू झालेले हँडलूम मार्क आणि शुद्ध रेशमासाठीचे सिल्क मार्क यांची लेबले असल्यास त्यांचेही जवळून छायाचित्र द्यावे.

विणीत एखादी गाठ किंवा रंगात हलका फरक असेल तर तोही दाखवावा. हातमागाच्या वस्त्रात अशा खुणा स्वाभाविक असतात. आधी पाहिलेली गाठ ग्राहक स्वीकारतो. घरी पोचल्यावर सापडलेली गाठ त्याला दोष वाटते.

छायाचित्रापूर्वी साडीला वाफेची इस्त्री करावी व रोवा काढून टाकावा. मोबाइल फार जवळ नेल्यास कडा फुगलेल्या व वाकड्या दिसतात, म्हणून थोडे मागे सरून दुप्पट भिंगाचा वापर करावा. बारीक विणीवर कधीकधी पाण्याच्या लाटांसारखे खोटे पट्टे उमटतात. अंतर किंवा कोन किंचित बदलला की ते जातात.

इतर वस्तूंविषयी थोडक्यात सांगायचे तर तांब्या-पितळेच्या भांड्यात खोली आणि छायाचित्र घेणारा दोघेही दिसतात, म्हणून भांड्याभोवती पांढऱ्या कार्डशीटचा आडोसा करावा. कोल्हापुरी चपलेचा तळ आणि शिवण दाखवावी. मसाले, लोणची यांसारख्या बंद पाकिटांचे लेबल वाचता येईल इतके स्पष्ट असावे. निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, उत्पादकाचे नाव व पत्ता आदी तपशील ऑनलाइन दाखवणे १ जानेवारी २०१८ पासून बंधनकारक आहे.

संगणकावरील संस्कार

धूळ पुसणे, चित्र सरळ करणे, समतोल सुधारणे एवढ्यापर्यंत संस्करण योग्यच आहे. रंग अधिक गडद करणे, जरीला नसलेली झळाळी देणे येथून चुकीची सुरुवात होते. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी पार्श्वभूमी बदलणे किंवा न नेसलेली साडी काल्पनिक मॉडेलला नेसवणे सोपे झाले आहे. मात्र ही साधने नक्षी स्वतःच्या कल्पनेने पुन्हा रेखाटतात. मोराच्या पिसाऱ्यातील रंग बदलतात, काठाची रुंदी बदलते. अशा चित्राची मूळ साडीशी बारकाईने तुलना केल्याशिवाय ते वापरू नये.

फाइलबाबत फार गुंतागुंत नाही. लांब बाजू १,६०० ते २,००० पिक्सेल असावी, म्हणजे ग्राहकाला चित्र मोठे करून वीण पाहता येते. ॲमेझॉनवर ही सोय १,००० पिक्सेलच्या पुढे नीट चालते. चित्र जेपेग स्वरूपात, ८० ते ८५ गुणवत्तेवर आणि एसआरजीबी या रंगप्रणालीत साठवावे. काही मोबाइल अधिक विस्तृत रंगप्रणालीत छायाचित्रे घेतात, ती न बदलता चढवल्यास काही ठिकाणी रंग फिके दिसतात. चित्रासोबत पर्यायी मजकूर लिहिण्याची सोय असते. दृष्टिहीन व्यक्तीला तिचा संगणक हाच मजकूर वाचून दाखवतो, त्यामुळे तेथे ‘चित्र १’ असे न लिहिता ‘जांभळी-तांबडी धूपछाव पैठणी, नारळी काठ, पदरावर मोर’ असे लिहावे.

छायाचित्रे मोबदला देऊन व्यावसायिकाकडून घेतली असतील, तर वेगळा करार नसल्यास त्यांचा प्रताधिकार १९५७ च्या कायद्यानुसार काम देणाऱ्याकडे राहतो. तरीही दोन ओळींचे लेखी पत्र घेऊन ठेवलेले बरे. दुसऱ्याच्या संकेतस्थळावरील चित्र उचलून लावणे हा त्या प्रताधिकाराचा भंग ठरतो, साडी अगदी तशीच दिसत असली तरी.

हातमागावरील कोणत्याही दोन पैठण्या तंतोतंत सारख्या नसतात. रंगाचा घाणा बदलला की छटाही बदलते. त्यामुळे प्रत्येक साडीला स्वतंत्र क्रमांक द्यावा, तोच फाइलच्या नावात ठेवावा आणि चिठ्ठीवर लिहून साडीच्या घडीत खोचावा. साडी विकली गेली की तिचे छायाचित्र त्याच दिवशी संकेतस्थळावरून उतरवावे आणि पुढच्या साडीसाठी नवे घ्यावे.